इंजिनाचें हेड उतरवितांना टायमिंगच्या साखळीचा बंदोबस्त

आंब्याच्या हंगामांत गाडी बंद पडणें म्हणजे काय, हें रत्नागिरी जिल्ह्यांतील बागायतदारांस निराळें सांगावयास नको. झाडावरून उतरलेलें फळ कोणासाठीं थांबत नाहीं, आणि बाजारांतील भाव तर त्याहूनहि उतावळा. आमच्या परिचयाच्या एका बागायतदाराची ट्रॅक्स गाडी एके वर्षीं ऐन एप्रिलांत पेट्या भरून कोल्हापुराकडे जात असतां आंबा घाटाच्या चढावर तापली. रेडिएटरांतील पाणी उकळून गेलें व हेडखालचें गास्केट जळलें. काम म्हटलें तर दोन दिवसांचें : हेड उतरावयाचें, गास्केट बदलावयाचें आणि हेड पुन्हां चढवावयाचें. परंतु हेड उतरवितांना टायमिंगची साखळी बांधून ठेवण्याचें राहून गेलें. ती सुटून आंत पडली. पुढें केवळ अंदाजानें चाकावर चढविली गेली. आणि स्टार्टर मारतांच आंतून ‘खट्’ असा एकच आवाज झाला. झडपा वांकल्या होत्या. गास्केटाचा खर्च बाजूस राहिला, आणि हंगामाचे उरलेले तीन आठवडे गाडी मिस्त्रीच्या दारांत उभी राहिली. हातभर तारेनें जें संकट टळलें असतें, त्यापायीं त्या गृहस्थांचा हंगाम गेला.

हें काम मिस्त्रीचें आहे, शेतकऱ्यानें त्यांत लक्ष कां घालावें, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर असें कीं, खेड्यापाड्यांतील पुष्कळ मिस्त्री पाण्याच्या पंपाचीं इंजिनें उघडून हात बसलेले असतात; त्या इंजिनांत हा प्रश्न उद्भवतच नाहीं, म्हणून त्याची सवय त्यांस नसते. शिवाय काम चुकलें तर भुर्दंड मालकालाच बसतो. बैलाचा खूर पाहतांना जसा धनी जवळ उभा असतो, तसाच इंजिन उघडतांनाहि तो उभा असावा. आणि काय पाहावयाचें हें त्यास ठाऊक असावें. एवढ्याच हेतूनें हा पाठ लिहिला आहे.

साखळीचें कार्य

इंजिनाच्या नळकांड्यांत दट्ट्या वरखालीं होत असतो. त्याच्या चार फेऱ्यांत चार कामें होतात : हवा आंत घेणें, ती दाबणें, इंधन पेटून दट्ट्या खालीं लोटला जाणें, आणि जळका धूर बाहेर टाकणें. या चार कामांत खालच्या क्रँकशाफ्टाचे दोन वेढे होतात. हवा आंत घेणारी व धूर बाहेर सोडणारी अशा दोन झडपा, ज्यांस मिस्त्री वाल्व म्हणतात, त्या प्रत्येकी एकेकदां उघडतात. त्या उघडण्याचें काम कॅमशाफ्टाकडे असतें. म्हणून क्रँकशाफ्टाचे दोन वेढे होतात तोंवर कॅमशाफ्टाचा एकच वेढा झाला पाहिजे. हा मेळ राखण्यासाठीं क्रँकशाफ्टावर लहान दातेरी चाक व कॅमशाफ्टावर त्याच्या बरोबर दुप्पट दात्यांचें मोठें चाक बसवितात, आणि दोहोंवरून एक साखळी फिरवितात. हीच टायमिंगची साखळी होय.

आपल्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागांत विहिरीवरचा रहाट ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस ही रचना सहज समजेल. वर चाक, त्यावरून विहिरींत सोडलेली माळ, आणि माळेस बांधलेले लोटे. माळ चाकावर बसलेली आहे तोंपर्यंत प्रत्येक लोटा आपल्या वेळीं भरतो व आपल्या वेळीं पन्हळींत रिता होतो. परंतु चाक उतरवावयाचें झालें आणि माळ आधीं बांधली नाहीं, तर ती विहिरींत जाते. इंजिनांतहि नेमकें हेंच घडतें. वरचें चाक हेडावर असतें. हेड काढावयाचें तर चाक काढावें लागतें. आणि चाक काढल्याबरोबर साखळी निराधार होऊन खालच्या पोकळींत उतरूं पाहते. रहाटाची माळ पुन्हां वर काढून कोणत्याहि लोट्यापासून चढविली तरी चालते. इंजिनाच्या साखळीस मात्र तसें चालत नाहीं. तिचें वरचें चाक ज्या दात्यावर होतें त्याच दात्यावर पुन्हां बसावें लागतें.

एका दात्याची चूक केवढी पडते, याचा हिशेब करून पाहूं. समजा, खालच्या चाकास १८ दाते आहेत व वरच्यास ३६. पूर्ण वेढा ३६० अंशांचा. तेव्हां वरचें चाक एक दाता सरकलें म्हणजे कॅमशाफ्ट १० अंश सरकला; आणि क्रँकशाफ्टाच्या मापानें तीच चूक २० अंशांची झाली. एवढ्या चुकीनें इंजिन कष्टानें सुरू होतें, धूर टाकतें व चढावर दम सोडतें. दोन-तीन दाते चुकल्यास उघडी झडप वर येणाऱ्या दट्ट्याच्या वाटेंत सांपडते. डिझेल इंजिनांत हवा अतिशय दाबावी लागत असल्यामुळें दट्ट्या वर आला असतां त्याच्या व हेडाच्या मध्यें अगदीं थोडें अंतर राहतें. तेथें उघड्या झडपेस जागाच नसते. मग झडप वांकते, कधीं दट्ट्यासहि इजा होते.

आपलें इंजिन कोणत्या जातीचें

हेड उतरविण्यापूर्वीं आपल्या इंजिनांत कॅमशाफ्ट कोठें आहे व तो कशानें फिरतो, हें प्रथम जाणून घ्यावें. शेतकऱ्याच्या व्यवहारांत येणारीं इंजिनें या दृष्टीनें चार प्रकारचीं आहेत.

पहिला प्रकार पाण्याच्या पंपावरील संथ गतीच्या एकनळी डिझेल इंजिनांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडीस कारखाना उभारला, आणि १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही स्वतंत्र कंपनी निघाली. त्यानंतर या जातीचीं इंजिनें महाराष्ट्रांतील विहिरीविहिरींवर पोंचलीं. यांत कॅमशाफ्ट खालीं, क्रँकशाफ्टाजवळच असतो. दोहोंचीं दातेरी चाकें एकमेकांत गुंतलेलीं असतात, व झडपा लांब पुशरॉडांनीं उघडतात. हेड काढलें तरी टायमिंगास धक्का लागत नाहीं. पुशरॉड ज्याचे त्याच जागीं परत घालावे, एवढेंच पथ्य.

दुसरा प्रकार जुन्या विलीस जीपचा. तिच्या झडपा हेडांत नसून खालच्या ठोकळ्यांतच, नळकांड्यांच्या बाजूस असतात. तिच्या आरंभींच्या इंजिनांत टायमिंगची साखळी होती खरी. परंतु तीहि खालींच असल्यामुळें हेड म्हणजे नुसतें झांकण. तें उचललें म्हणून साखळी हालत नाहीं.

तिसऱ्या प्रकारांत कॅमशाफ्ट हेडावर असतो व तो साखळीनें फिरतो. प्रस्तुत पाठ मुख्यतः याच प्रकारासाठीं आहे. १९५८ सालीं स्थापन झालेली व पुढें पुण्याजवळ आकुर्डीस स्थिरावलेली बजाज टेम्पो कंपनी, जिचें नांव २००५ सालीं फोर्स मोटर्स असें झालें, तिनें जर्मनीच्या डायमलर-बेन्झ कंपनीचें ‘ओ. एम. ६१६’ जातीचें चारनळी डिझेल इंजिन सहकार्यानें आपल्या देशांत बनविलें. ट्रॅव्हलर व ट्रॅक्स या गाड्यांतून तें खेडोपाडीं पोंचलें. त्याची साखळी दुहेरी, भक्कम असते, आणि ती कॅमशाफ्टाप्रमाणेंच डिझेल पंपासहि फिरविते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे : साखळी खालीं सुटून पंपाच्या चाकावर सरकली, तर झडपांची वेळ बरोबर बसूनहि डिझेल फवारण्याची वेळ चुकलेलीच राहते. हीरो होंडाच्या १९८५ सालच्या सी. डी. १०० व १९९४ सालच्या स्प्लेंडर या मोटरसायकलींचीं लहान इंजिनेंहि याच तिसऱ्या प्रकारांत मोडतात.

चौथ्या प्रकारांत साखळीऐवजीं दातेरी रबरी पट्टा असतो. मारुती ८०० व ओम्नी यांच्या ७९६ घनसेंटिमीटरांच्या इंजिनांत तो आहे. खुणा जुळविण्याचें तत्त्व तेंच. परंतु पट्ट्यास तेल लागूं द्यावयाचें नसतें, व त्याची तपासणी निराळी. त्याविषयीं येथें विस्तार करीत नाहीं.

पूर्वतयारी

इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज हेडास हात लावूं नये. गरम हेड सोडल्यास तें वांकडें होण्याचा संभव असतो. बॅटरीची तार आधीं सोडावी, म्हणजे कोणी अजाणतां स्टार्टर मारणार नाहीं. रेडिएटरांतील व इंजिनांतील पाणी काढून टाकावें. काम छपराखालीं, कोरड्या जागीं करावें. कोंकणच्या पावसांत व खाऱ्या वाऱ्यांत उघडें पडलेलें घांसलेलें लोखंड फार लवकर तांबेरतें, आणि उन्हाळ्यांत वाटेवरची जांभ्याची तांबडी धूळ आंत शिरते. दोन्ही गोष्टी इंजिनास घातक. उघडे भाग स्वच्छ तेलाचा हात फिरवून जाड कापडानें झांकावे.

जवळ ठेवावयाच्या वस्तु फार नाहींत : योग्य मापाचे पान्हे व टॉर्क पान्हा, मऊ तांब्याची किंवा बांधकामाची लवचिक लोखंडी तार दोन-तीन हात, पांढरा अगर पिवळा रंग व बारीक कुंचला, तीन हात लांबीचा लोखंडी गज, स्वच्छ कापडाचे तुकडे, वही आणि पेन्सिल. सुतळी वापरूं नये; तिचे तंतू सुटून तेलांत जातात, आणि तेल लागल्यावर गांठ सरकते. ‘ओ. एम. ६१६’ चें हेड ओतीव लोखंडाचें व जड असतें. तें उचलावयास दोन माणसें किंवा साखळदांडाची कप्पी हवी, आणि साखळी धरावयास तिसरा माणूस हवा. एकट्यानें हें काम आरंभूं नये.

खुणा पाहणें व करणें

वरचें झांकण काढून प्रथम इंजिन ठराविक स्थितींत आणावें. त्यासाठीं पुढच्या बाजूस क्रँकशाफ्टाच्या पुलीच्या बोल्टास पान्हा लावून इंजिन त्याच्या चालण्याच्या दिशेनेंच सावकाश फिरवावें. वरच्या चाकाच्या बोल्टास पान्हा लावून इंजिन कधींहि फिरवूं नये. आणि खूण थोडी पुढें गेली तर उलट फिरवून मागें आणूं नये, पुन्हां दोन वेढे फिरवून आणावी. उलट फिरविल्यानें साखळीचा ढिलेपणा भलत्या बाजूस जातो व खूण फसवी दिसते.

पहिल्या नळकांड्यांतील दट्ट्या हवा दाबून अगदीं वर आलेला असावा. त्याच्या दोन्ही झडपा अशा वेळीं मिटलेल्या असतात, दोन्ही कॅमांचीं नाकें वर वळलेलीं असतात, व रॉकर बोटानें किंचित हालतात. मूळच्या जर्मन इंजिनांच्या पुढील चक्रावर या जागीं ‘ओटी’ अशीं अक्षरें असतात. दट्ट्याच्या वरच्या टोकाच्या जर्मन नांवाचा तो संक्षेप आहे. क्रँकशाफ्टाची ही खूण प्रत्येक वेढ्यास दिसते, परंतु कॅमशाफ्टाची खूण दोन वेढ्यांतून एकदांच येते. म्हणून केवळ खालची खूण पाहून थांबूं नये. ‘ओ. एम. ६१६’ मध्यें कॅमशाफ्टाच्या पुढच्या वायसरावर एक खांच असते, व ती पहिल्या बेअरिंगाच्या उभ्या ठोकळ्यावरील रेघेसमोर येते. मोटरसायकलींत डाव्या बाजूच्या मॅग्नेटोवर ‘टी’ ही खूण व वरच्या चाकावर ‘ओ’ ही खूण पाहावी.

जुन्या गाडींत खालची खूण तंतोतंत जुळली असतां वरची किंचित मागें राहिलेली दिसेल. साखळी झिजून लांबली असल्याचें तें लक्षण होय. हा फरक किती आहे तें वहींत चित्र काढून लिहून ठेवावें. पुन्हां जोडल्यावर फरक तेवढाच असला पाहिजे. जास्त असेल तर दाता चुकला. आणि मूळचाच फरक मोठा असेल, तर गाडी उघडलेली आहे तोंवर साखळी बदलण्याचा विचार करावा. तेंच काम पुढें निराळें काढल्यास मजुरी दुप्पट होईल.

यानंतर रंगाची खूण करावी. वरच्या चाकाचा एक दाता व त्यावर बसलेला साखळीचा दुवा, दोहोंवर मिळून एक रंगाचा ठिपका द्यावा. दुसऱ्या एका ठिकाणीं असाच दुसरा द्यावा. ठिपका देण्यापूर्वीं त्या जागेचें तेल पुसून काढावें, नाहींतर रंग हाताबरोबर निघून जातो. कॅमशाफ्ट व चाक यांच्या परस्पर बैठकीवरहि एक रेघ ओढावी. सोय असल्यास छायाचित्र घ्यावें. परंतु छायाचित्र हें खुणेच्या ऐवजीं नव्हे, खुणेच्या जोडीस.

साखळी बांधण्याची रीत

आतां टेन्शनर काढावयाचा. साखळीच्या ढिल्या बाजूस आंतून दाबून ताण देणारा हा भाग होय, ‘ओ. एम. ६१६’ मध्यें तो हेडाच्या कुशींत असून तेलाच्या दाबानें व स्प्रिंगेनें काम करतो. चाक काढण्यापूर्वीं हा काढलाच पाहिजे. तसें न केल्यास साखळी सैल होतांच त्याचा दांडा बाहेर झेपावतो, आणि मग चाक परत बसविण्यापुरतीहि साखळी मिळत नाहीं. कांहीं टेन्शनर दातेरी कळीचे असतात. त्यांचा दांडा एकदां पुढें आला म्हणजे आपोआप मागें जात नाहीं. तो पूर्ण सोडवून, दांडा मूळ जागीं आणूनच पुन्हां बसवावा. अर्धवट ढिला करून पुन्हां आवळल्यास साखळीवर अतोनात ताण येतो.

साखळी ज्या पोकळींतून खालीं जाते, तिच्या तोंडांत सर्व बाजूंनीं कापड खुपसावें. त्या पोकळींतून पडलेला नट अगर वायसर थेट तेलाच्या टाकींत किंवा खालच्या चाकांत जातो. कापडाचे तुकडे किती घातले तें मोजून लिहावें व काढतांना तितकेच मोजून काढावे.

मग तार घ्यावी. खुणेच्या दुव्याच्या दोन्ही अंगांस, साखळीच्या दोन्ही उभ्या पदरांतून एकेक तार ओंवून पक्का पीळ द्यावा, आणि प्रत्येक तारेचें टोंक हातभर लांब सोडावें. एकाच जागीं बांधल्यास तो पदर वर राहतो व दुसरा खालीं घसरतो. म्हणून दोन्ही पदर बांधणें हेंच या सर्व कामाचें वर्म आहे. तारा बांधल्यावर त्या मदतनिसाच्या हातीं द्याव्या. त्यानें त्या सारख्या ताणानें वर धरून ठेवाव्या; हिसका देऊं नये व सोडूंहि नये. तदनंतर चाकाचा बोल्ट सोडून चाक पुढें ओढून काढावें. बोल्ट सोडतांना कॅमशाफ्ट फिरणार नाहीं अशी अटक आधीं लावावी.

‘ओ. एम. ६१६’ च्या हेडांत साखळीस वळण देणारी एक सरकपट्टी असते. ती हेडाच्या पुढील भिंतींतून ठोकलेल्या खिळ्यांवर टेकते. हे खिळे काढल्याखेरीज हेड सुटत नाहीं. खिळ्यांच्या तोंडास आंतून आटे असतात. त्यांत योग्य मापाचा बोल्ट, नळीचा आंखूड तुकडा व वायसर घालून आवळीत गेल्यास खिळा आपण होऊन बाहेर येतो. तो पकडींत धरून पिळूं नये. त्याचप्रमाणें साखळीच्या पोकळींतहि हेडाचे लहान बोल्ट असतात. ते तेलाखालीं लपून राहतात व पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहींत. हेड हालत नाहीं म्हणून पहार घालणारांनीं आधीं हे बोल्ट शोधावे. पहारीनें हेड सुटत नाहीं, त्याची कड मात्र फुटते.

हेड उचलतांना

हेडाचे मोठे बोल्ट बाहेरून आंत, टप्प्याटप्प्यानें ढिले करावे; एकदम एक बोल्ट पूर्ण सोडूं नये. सर्व बोल्ट निघाल्यावर दोघांनीं हेड सरळ वर उचलावें. ज्या मानानें हेड वर येईल त्या मानानें मदतनिसानें तारांचीं टोंकें हेडाच्या पोकळींतून खालीं जाऊं द्यावीं, पण ताण क्षणभरहि सुटूं देऊं नये. हेड पुरतें वर आलें कीं तिसऱ्यानें खालून तारा धराव्या, आणि मगच पहिल्यानें सोडाव्या. विहिरींतून कळशी वर घेतांना एका हातांतून दुसऱ्या हातांत दोर जसा देतात, तसा हा बदल व्हावा. मग इंजिनाच्या ठोकळ्यावर आडवा गज ठेवून तारा त्यास घट्ट बांधाव्या.

उतरलेलें हेड जमिनीवर पालथें ठेवूं नये. कांहीं झडपा उघड्या असल्यामुळें त्या खालीं डोकावत असतात, व हेडाच्या भारानें वांकतात. तें लांकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवावें.

यापुढें हेड परत चढेपर्यंत क्रँकशाफ्ट फिरवूं नये. साखळी ढिली असतां तो फिरविल्यास खालच्या चाकाशीं साखळीची गुंडाळी होऊन ती अडकते, किंवा पंपाच्या चाकावर दाता सरकतो. गास्केट खरडतांना दट्ट्या खालीं हवा म्हणून इंजिन फिरविण्याचा मोह होतो; तो आवरावा. गाडी गिअरमध्यें असतां कोणी ढकलली, तरीहि हाच अनर्थ होतो. यास्तव गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून चाकांखालीं दगड लावावे.

पुन्हां जोडणी

हेडाचा तळ सरळ पट्टीनें तपासून, गास्केट ठेवून, हेड चढवितांना तारांची तीच देवघेव उलट क्रमानें करावी. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानें, पुस्तकांत दिलेल्या ताणानें आवळावे. मग कॅमशाफ्टाची खूण व क्रँकशाफ्टाची खूण दोन्ही आपापल्या जागीं आहेत हें पाहून, रंगाचे ठिपके जुळवून चाक साखळींत घालावें व कॅमशाफ्टावर बसवावें. टेन्शनर ज्या बाजूस नाहीं ती साखळीची बाजू अगदीं ताठ असावी. जो कांहीं ढिलेपणा असेल तो सर्व टेन्शनरच्या बाजूस यावा. सरकपट्टीचे खिळे व टेन्शनर बसवावे. तेलाचा टेन्शनर कोरडा घालूं नये, आधीं तेलांत बुडवून दाबून-सोडून भरून घ्यावा. तारा व कापडें मोजून काढावीं.

यानंतरची पायरी कोणत्याहि घाईंत गाळूं नये. इंजिन हातानें, पान्ह्यानें, पूर्ण दोन वेढे सावकाश फिरवावें. मध्येंच कठीण अडसर लागल्यास तेथेंच थांबावें. जोर करूं नये. तो अडसर म्हणजे झडप दट्ट्यास टेकली असण्याचा इशारा असूं शकतो. हातानें फिरवितांना तो ऐकतां येतो, स्टार्टर तो ऐकत नाहीं. दोन वेढ्यांनंतर वरची व खालची खूण पुन्हां जुळली, आणि फरक वहींत लिहिल्याइतकाच असला, म्हणजे काम बिनचूक झालें.

येथें एक गोष्ट सांगून ठेवणें अवश्य आहे. दोन वेढ्यांनंतर साखळीवरील रंगाचा ठिपका मात्र चाकावरील ठिपक्यासमोर येणार नाहीं. साखळीच्या दुव्यांची संख्या व चाकाच्या दात्यांची संख्या यांचा मेळ निराळा असल्यामुळें तो ठिपका पुढें सरकलेला असतो. हें ठाऊक नसल्यानें कांहीं जण बरोबर बसलेली साखळी पुन्हां उतरवून चुकीची बसवितात. रंगाचा ठिपका केवळ चढविण्यापुरता. खरी साक्ष कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्ट यांच्या खुणांची.

साखळी सुटलीच तर

इतकें करूनहि साखळी हातून सुटली, तर प्रथम सर्वांनीं हात थांबवावे. इंजिन फिरवून ती वर येत नाहीं, अधिक अडकते. तारेचा आंकडा करून दिव्याच्या उजेडांत ती हळूच वर ओढावी, दोन्ही पदर बांधावे, आणि ती खालच्या चाकावर नीट बसली आहे याची खात्री करावी. जेथें साखळी डिझेल पंपहि फिरविते, तेथें पंपाची वेळ निराळी तपासून घेतल्यावांचून इंजिन सुरू करूं नये. हें काम पंपाची माहिती असलेल्या मिस्त्रीकडेच द्यावें. कॅमशाफ्ट एकटा फिरविण्याची वेळ आल्यास साखळी वर ताणून धरून क्रँकशाफ्ट आधीं पाव वेढा फिरवावा. चारनळी इंजिनांत अशा वेळीं चारहि दट्टे मध्यावर असतात व झडपांस धोका राहत नाहीं.

मोटरसायकलींत नळकांडें जवळजवळ आडवें असल्यामुळें साखळी विहिरींत पडल्यासारखी खोल जात नाहीं. म्हणून तिची उपेक्षा होते. परंतु तीहि डाव्या कप्प्यांत सैल होऊन खालच्या चाकावरून उतरूं शकते. तिलाहि तार हवीच.

शेवटीं, ज्या वाचकांस स्वतः पान्हा हातीं धरावयाचा नाहीं त्यांनीं निदान तीन प्रश्न लक्षांत ठेवावे, आणि हेडाचा पहिला बोल्ट सुटण्यापूर्वीं ते मिस्त्रीस विचारावे. खुणा कोठें केल्या त्या दाखव. साखळीचे दोन्ही पदर कशानें बांधणार तें दाखव. आणि हेड चढल्यावर स्टार्टर मारण्यापूर्वीं हातानें दोन वेढे माझ्यासमोर फिरवशील ना? चांगला मिस्त्री या प्रश्नांचा राग मानीत नाहीं; उलट मालक जाणता आहे हें पाहून त्याचा हात अधिक सावध चालतो. ज्यास उत्तर देतां येत नाहीं, त्यास पान्हा खालीं ठेवण्यास सांगावें. हंगाम चालू असला तरी एक दिवस थांबून जाणता मिस्त्री आणविणें परवडतें; वांकलेल्या झडपांनीं गेलेले आठवडे परत मिळत नाहींत.